सायीतली कोंबडी

आमच्या वस्तीवर कोंबडी शिजवायची ती थोरल्या भावानं. असं कधी कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं. आमची दोन घरं समोरासमोर, मध्ये अंगण. एक दादांचं, एक माझं. आईनं गळ्यात माळ घातली तेव्हापासून माझ्या घरात मटण-कोंबडी शिजणं बंद झालं. आई जाऊनही बरीच वर्षं झाली, पण बायकोनं तो नेम मोडला नाही आणि मलाही मोडावासा वाटला नाही. त्यामुळे पाहुणा आला, कुणाचं जावळ काढलं, कुणाचा साखरपुडा ठरला की दादांच्या घरामागची चूल पेटायची. वहिनी वर्षाचा काळा मसाला दोन्ही घरांसाठी एकदमच करायची आणि बरणी राहायची त्यांच्या फडताळात. दादा धोतराचा सोगा खोचून चुलीपुढं बसायचे. त्यांच्या रश्श्याची तर्री बघायला शेजारच्या वस्तीवरची माणसं यायची. आमचं काम पाट मांडायचं आणि कौतुक करायचं.

माझं काम दुधाचं. घराला लागूनच, रस्त्याच्या कडेला माझं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन येतात, मी दूध मोजतो, फॅट काढतो, वास घेतो. कुठलं दूध तापवलं की फाटणार, हे मला झाकण उघडल्या उघडल्या कळतं. ह्या बाबतीत माझी चूक होत नाही, हे गावालाही माहीत आहे.

गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं तेव्हा बायकोचं नाव पुढं आलं. ती बोलते कमी, पण बोलते ते सरळ. निवडून आली. दुसऱ्याच दिवशी एक जण कागद घेऊन माझ्या केंद्रावर आला आणि म्हणाला, "सही करा, वहिनींना कशाला तरास?" मी म्हटलं, "सरपंच घरी हायेत, त्यांच्याकडं जा. इथं दुधाचं बोला." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. पुढं दोन-चार जणांना तसंच परत पाठवलं, तेव्हा लोकांना कळलं.

तिच्याआधीच गावानं एक ठराव केला होता. आम्ही गावची माणसं जीप करून हिवरे बाजारला गेलो होतो. तिथले बांध पाहिले, विहिरी पाहिल्या, शेतीसाठी नवा बोअर घ्यायला गाव का परवानगी देत नाही ते ऐकून आलो. परत येताना जीपमध्ये सगळ्यात जास्त बोलत होते ते दादा. "हे आपल्याकडं का न्हाई हुणार?" असं ते पुन्हापुन्हा म्हणत होते. मग ग्रामसभेत ठराव आला, शेतीसाठी नवा बोअर घ्यायचा तर सभेची परवानगी लागेल. सगळ्यात पहिला हात दादांचा वर गेला.

आणि ह्या उन्हाळ्यात दादांचीच लिंबाची बाग सुकायला लागली. आमची विहीर सामायिक आहे, पाणी पाळीनं घेतो. पाळीत पुरेसं पाणी येईना. वरच्या रांगेतल्या झाडांची पानं गोळा व्हायला लागली. दादांनी बोअरची गाडी सांगून टाकली आणि सभेत अर्ज दिला. परवानगी मिळणार ह्याबद्दल त्यांना शंका नव्हती. भावजयच सरपंच होती.

सभेच्या दिवशी नगरहून भूजल खात्याच्या एक मॅडम आल्या होत्या. वय पस्तिशीचं, नगरच्या सावेडी भागात राहणाऱ्या, स्कूटरवरून आल्या होत्या. सकाळभर त्यांनी गावातल्या विहिरी पाहिल्या. आमच्या विहिरीवरही आल्या. दादांनी त्यांना स्वतः बाग फिरवून दाखवली आणि निघताना म्हणाले, "मॅडम, सांजंला सभा उरकली की जेवून जायचं. आमच्याकडचा रस्सा खाल्ल्याबिगर नगरला जायचं न्हाई."

"अंधाराच्या आत निघू द्याल ना मला?" त्या म्हणाल्या.

"आवो, दिवस हाय तवर वाढतो की!"

सभा शाळेच्या पटांगणात भरली. मी मागं, भिंतीला टेकून बसलो होतो. दादांचा अर्ज आला तेव्हा मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी जमिनीवर काडीनं रेघा ओढून दाखवलं, की दादांच्या रानाखालचा पाण्याचा थर आणि खालच्या आळीच्या पिण्याच्या विहिरीचा थर एकच आहे. "दादा, तुम्ही वरच्या अंगाला खोल गेलात, तर आधी ती विहीर कोरडी पडेल," त्या म्हणाल्या. "बोअरला पाणी लागेल. पण ते तिकडचं असेल."

दादा उठले. "सरपंचबाई," त्यांनी सुरुवात केली. एरवी ते तिला हाक मारत नाहीत. काही सांगायचं असलं तर मला सांगतात आणि मी तिला. "ही झाडं म्या पोरावानी वाढवली. ठरावाला पयला हात माझाच हुता, ही गोष्ट खरी. पन तवा माझ्या हिरीला पानी हुतं."

लोक हसले. दादा हसले नाहीत.

बायको उभी राहिली. पदर डोक्यावर होता, तो तिनं नीट केला आणि आवाज जराही न चढवता बोलली. "दादा, घरात तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. पण इथं मी गावाची आहे. तुम्हाला हो म्हटलं, तर उद्या दुसऱ्या कुणाला नाही म्हणायला मला तोंड राहणार नाही. परवानगी द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

थोडे हात वर झाले. मग पटांगणातल्या माना वळल्या आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. दादाही बघत होते. माझा हात मांडीवर होता, तो तिथंच राहिला. मला त्या वेळी काय वाटलं असं कुणी विचारलं तर सांगतो, मनात गोंधळ नव्हता. खालच्या आळीच्या बायका त्या विहिरीवर पाणी भरतात, ते मी रोज पहाटे दूध मोजताना बघतो.

अर्ज नामंजूर झाला. दादांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि पटांगणातून निघून गेले.

सभा मोडल्यावर थोड्या वेळानं मी केंद्राकडं निघालो, तेवढ्यात बायकोनं मागून गाठलं. "अहो, मॅडमना दादांनी जेवायला सांगितलंय. आता?"

"दादा घरी गेले?"

"दार लावून घेतलंय. जाऊबाई म्हणाल्या, चूल पेटवू नको म्हणालेत. मॅडम म्हणतात, राहू द्या, मी निघते. सकाळपासून नुसत्या चहावर आहेत हो त्या. मी पिठलं-भाकरी टाकते."

पिठलं-भाकरीत वाईट काही नव्हतं. पण सकाळी कोंबडीचं आमंत्रण देऊन संध्याकाळी पिठलं वाढायचं, म्हणजे सभेत जे झालं ते ताटात मांडण्यासारखं होतं. मॅडमनी ते निमूट खाल्लं असतं आणि नगरला जाऊन कुणाला तरी सांगितलंही असतं. मी म्हटलं, "पिठलं नको. कोंबडी मी करतो."

"तुम्ही?"

"मी."

"कशात करणार? मसाला सगळा दादांकडं. आणि घरात मी शिजवू देणार नाही, आधीच सांगते."

"घरात न्हाईच करत. केंद्राजवळच्या पत्र्याखाली करतो. तू भाकरीचं बघ."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी विमान चालवतो म्हणालो होतो. पण मला खरंच येत होतं. म्हणजे मी ते एकदाच पाहिलं होतं. आमची मुलगी पुण्यात नोकरी करते. तिच्याकडं गेलो होतो तेव्हा ऑफिसातून आल्यावर तिनं झटपट एक कोंबडी केली होती. मसाला नाही, वाटण नाही. साय, मिरी, लसूण आणि लिंबू. मी शेजारी उभा राहून बघत होतो. तिचा रस फाटला, कढईत दाणे दाणे झाले. ती चिडली, म्हणाली, "रेसिपीच चुकीची आहे." मी तिला म्हटलं, "रेसिपी बरोबर हाय. तू सायीच्या जागी पातळ दूध घेतलंस आणि उकळत्यात लिंबू पिळलंस. फाटणारच." फाटलेलंही चवीला झकास होतं. तेव्हाच मनात आलं होतं, आपल्या म्हशीच्या सायीत हे केलं तर काय होईल.

फाट्यावर चिकनचं दुकान आहे. मी मोटरसायकल काढून गेलो. दुकानदार दादांच्याच वयाचा, त्यांच्या बैठकीतला. मी म्हटलं, "बिनहाडाचं दे. आणि पातळ काप, हाताच्या तळव्याएवढे."

सुरी धरलेला त्याचा हात थांबला. "बिनहाडाचं? दादांना चालतंय व्हय?"

"आज दादा न्हाई करत. मी करतोय."

"आरं तिच्या!" तो म्हणाला आणि कापायला लागला. सभेची बातमी माझ्याआधी तिथं पोचली होती हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. थोड्या वेळात दूध घालायला माणसं येणार, आणि मॅडमना त्याच सुमाराला निघायचं. म्हणजे हाताशी वेळ अगदी बेताचा. केंद्राशेजारी पत्र्याची पडवी आहे. किटल्या धुवायला पाणी तापवतो ती गॅसची शेगडी तिथंच असते. ती पुसून घेतली. कढईचा प्रश्न होता. लोखंडी कढईत लिंबू घातलं तर रंग काळपट होतो आणि चवीत लोखंड उतरतं. मला मुलीच्या लग्नात आहेरात आलेली एक स्टीलची जाड बुडाची कढई आठवली. ती पोटमाळ्यावर खोक्यातच होती. बायकोला म्हटलं, "ती दे. नंतर पत्र्याखालीच राहू दे, घरात नको आणू." तिनं दिली.

मॅडम बाजेवर बसून होत्या. जरा संकोचल्या होत्या. "काका, माझ्यामुळं तुमच्या घरात..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"तुमच्यामुळं काय न्हाई झालं. पानी जिथं हाय तिथं हाय, ते तुमी सांगितलं. तुमाला तिखट चालतं का?"

"खरं सांगू? फार नाही. सकाळी दादा रस्सा म्हणाले तेव्हाच घाबरले होते."

"मग बरंच झालं," मी म्हटलं.

एवढ्यात दादांच्या घराच्या मागच्या बाजूनं वहिनी आली. पदराखाली काहीतरी झाकलेलं होतं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "भावजी, मसाला आनलाय वाटीभर. ह्यांना ठाव न्हाई."

तिचा जीव तुटत होता हे दिसत होतं. पण मी मान हलवली. "वहिनी, परत ठेवा. त्यांना न सांगता त्यांच्या घरातला मसाला आनला, तर उद्या तेच निमित्त व्हायचं. मी वेगळंच करतोय."

"मग कशात करणार?"

"सायीत."

"सायीत?" ती दोन पावलं मागं सरकली. "दुधात कोंबडी? आवो, अंगावर कोड उठतंय म्हन्त्यात!"

"आमच्या लेकीच्या अंगावर न्हाई उठलं. ती खाती की."

"तिकडं पुन्यात चालतंय तसलं," वहिनी म्हणाली, पण गेली नाही. वाटी पदराखाली तशीच धरून खांबाला टेकून उभी राहिली. माझा बेत बघायचा होता तिला.

मी तुकड्यांना मीठ लावलं, भरड कुटलेली मिरी लावली आणि वरून कणकेचा हात फिरवला, अगदी नावाला. कढईत तूप आणि थोडं तेल घातलं. तूप तापलं तसे तुकडे एकेक करून सोडले. सगळे एकदम टाकले असते तर पाणी सुटून उकडले गेले असते. एक बाजू सोनेरी झाल्याशिवाय उलटायचं नाही, एवढं मी मनाशी धरलं होतं. पातळ काप असल्यामुळं फार वेळ लागला नाही. ते काढून ताटलीत ठेवले. कढईच्या बुडाला खरपूस थर धरला होता, तो मला हवाच होता. त्यात ठेचलेला लसूण टाकला, दोन हिरव्या मिरच्या मधून चिरून टाकल्या आणि लसणाचा कच्चा वास गेला तसं थोडं पाणी ओतून तो थर उलथन्यानं खरवडून घेतला.

मग सकाळच्या दुधाची साय. आमच्या म्हशीची, जाड, पोळीसारखी. ती मी आधीच रवीनं घुसळून सारखी करून ठेवली होती. गॅस अगदी बारीक केला आणि साय कढईत सोडली. वहिनी म्हणाली, "आता फाटंल."

"न्हाई फाटत."

"लिंबू घातल्यावं?"

"तवाही न्हाई. सायीत फॅट जास्त असतं, ते आंबट सोसतं. पन उकळी असताना पिळायचं न्हाई."

मॅडम बाजेवरून उठून शेगडीजवळ आल्या होत्या. वहिनी, मॅडम आणि दारातून भाकरीचं पीठ हाताला लागलेली बायको, तिघी कढईकडं बघत होत्या. मला त्या वेळी अजिबात भीती वाटली नाही, हे मी आजही सांगतो. आयुष्यभर मी दूध कधी फाटतं ते बघत आलो होतो. ते कधी फाटत नाही हेही मला त्यामुळंच ठाऊक होतं.

रस दाटला तसा गॅस बंद केला. बुडबुडे थांबू दिले. मग किसणीवर लिंबाची वरवरची साल किसली, फक्त पिवळी-हिरवी, आतला पांढरा भाग येऊ न देता, कारण तो कडू असतो. साल सायीवर पडली आणि असा वास सुटला की वहिनीनं तोंडावरचा पदर बाजूला केला. त्यानंतर रस पिळला, एका हातानं पिळत, दुसऱ्यानं हलवत. कढईतलं सगळं तसंच राहिलं, गुळगुळीत, फिकट पिवळसर. एक दाणा धरला नाही. तुकडे परत त्यात सोडले, त्यांचं सुटलेलं पाणीही ओतलं आणि झाकण घातलं.

"झालं?" बायकोनं विचारलं.

"झालं."

"एवढ्यात?"

"एवढ्यात."

ताटं मांडायला सांगून मी अंगण ओलांडलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. वहिनी माझ्यामागं धावत आली आणि दाराशीच थांबली.

दादा बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी म्हटलं, "दादा, जेवायला चला. पाहुण्या बसल्यात."

"तुमच्या पाहुण्या. तुमीच जेवा."

"आमंत्रण तुमचं हुतं."

"माझं आमंत्रण रश्श्याचं हुतं."

"रस्सा न्हाई. दुसरं केलंय."

"कुनी?"

"मी."

ते वळले. क्षणभर त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग राग परत आला. "हात का न्हाई वर केला तू?"

"मला पटलं न्हाई म्हनून."

"मग आधी सांगायचं मला. घरात सांगायचं. चारचौघांत बघायला लावलंस."

"आधी सांगितलं असतं, तर तुमी समजवत बसला असता आन मी ऐकलं असतं. तुमचं मी ऐकतोच, दादा. म्हनून न्हाई सांगितलं."

बाहेर म्हैस ओरडली. मी म्हटलं, "बागेचं मला वाईट वाटत न्हाई असं समजू नका. पन खालच्या आळीला टँकर आनावा लागला, तर तुमाला तरी झोप लागंल का? आता उठा. बाई एकट्या जायच्यात सावेडीला, दिवस मावळायच्या आत. तुमीच शब्द दिलाय त्यांना."

दादांनी पाय बाजेखाली सोडले. मग उठले, तोंडावर पाणी मारलं, टोपी घातली आणि माझ्यापुढं चालायला लागले. पाहुणीला जेवायला बोलावून आपण घरात पडून राहायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. ह्या बाबतीत मी त्यांना चांगला ओळखतो.

पडवीत पाट मांडले होते. मॅडम उठून उभ्या राहिल्या. दादा म्हणाले, "बसा, बसा. जेवताना उठायचं न्हाई," आणि त्यांच्या शेजारच्या पाटावर बसले. बायकोनं वाढलं. ज्वारीच्या गरम भाकरी, कांदा, थोडा भात, आणि वाटीत कोंबडी. दादांनी वाटी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"हे पिठलं हाय का कोंबडी?"

मॅडमना हसू आवरलं नाही. त्यांचं बघून वहिनी हसली, मग बायको. दादांनी भाकरीचा तुकडा मोडला, रसात बुडवला आणि तोंडात टाकला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत होतो.

"तिखट न्हाई," ते म्हणाले.

दुसरा घास घेतला. "मिरी लागती पन."

तिसऱ्या घासाला ते चावता चावता थांबले. "लिंबू कुठलं हे?"

"तुमच्याच बागेतलं. वहिनीनं परवा टोपलीभर दिली हुती."

"रसाचा वास न्हाई हा."

"साल किसलीय."

त्यांनी वाटी पुन्हा नाकाजवळ नेली. "जलम गेला माझा लिंबात," ते म्हणाले. "पोती भरली, मार्केटला नेली, लोनचं घातलं. साल कधी अशी तोंडात न्हाई आली." हे ते कुणाला सांगत होते कोण जाणे. पण त्यांचा आवाज बदलला होता. मग वाटी पुढं करून बायकोकडं न बघता म्हणाले, "वाढ जरा."

मॅडमनी तोवर दुसरी भाकरी घेतली होती. त्या म्हणाल्या, "दादा, मी सकाळी तुमची झाडं पाहिली. सगळी नाही जाणार. बुडाला उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन घाला, ह्या वर्षी फळ थोडं उतरवून टाका म्हणजे झाडावरचा भार कमी होईल. आहे तेवढं पाणी ठिबकनं फक्त मुळांशी द्या, रात्री."

"हाय तेवढं पानीच पुरत न्हाई, मॅडम."

तेव्हा बायको बोलली. वाढायचा चमचा तिच्या हातातच होता. "दादा, सभेत जे झालं ते झालं, ते मी फिरवणार नाही. पण विहिरीची आमची पाळी आहे ना, ती पाऊस पडेपर्यंत बागेला घ्या." एवढं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या पाळीवर जनावरांचा घास, म्हणजे हिरवा चारा, लावलेला होता. घास गेला म्हणजे चारा बाहेरून आणायचा आणि म्हशीचं दूध कमी होणार. हे तिनं मला आधी विचारलं नव्हतं. पण मीही हात मांडीवर ठेवताना तिला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "घ्या. घास मोडतो मी."

दादांनी राहिलेली भाकरी संपवली. ताट स्वच्छ करून, हात धुवून ते उठले तेव्हा एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी मोटर कितीला चालू करायची ते सांग." ते मला म्हणाले की तिला, ते आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही. उत्तर तिनं दिलं.

मॅडम उजेड असतानाच निघाल्या. दादा मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत त्यांच्या स्कूटरच्या पुढं गेले, रस्ता उखडलेला होता म्हणून. मी केंद्र उघडलं. पहिल्या किटलीवाल्यानं झाकण काढता काढता वास घेतला आणि म्हणाला, "आज दुधाला लिंबाचा वास कसा?" मी म्हटलं, "दुधाला न्हाई, माझ्या हाताला हाय," आणि पुन्हा साबणानं हात धुतले.

पुढच्या आठवड्यात देवळाली प्रवरेकडच्या ऊसपट्ट्यातून दादांनी पाचटाची ट्रॉली आणली. आम्ही दोघांनी मिळून झाडांच्या बुडाशी पसरलं. वरच्या रांगेतली काही झाडं गेलीच. ती तोडताना दादा जवळ उभे राहिले नाहीत, दुसऱ्या टोकाला जाऊन काम करत बसले. बाकीची तगली. पाऊस झाल्यावर त्यांना नवी पालवी आली. बायकोशी ते काही महिने तुटकच बोलले, पण बोलले थेट, माझ्याकरवी नाही. माझ्या म्हशीचं दूध खरोखरच कमी झालं. घास पुन्हा वाढायला वेळ लागला.

त्यानंतरच्या ग्रामसभेत गावातल्या एका मोठ्या बागायतदाराचा बोअरचा अर्ज आला. त्यानं बरीच माणसं आधीच आपल्या बाजूनं करून ठेवली होती. कुजबुज चालली होती की आता सरपंच काय करणार. बायको उठायच्या आत दादा उठले. "मला परवानगी न्हाई दिली," ते सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मग ह्याला कशी देता? माझी झाडं गेली ती काय फुकट गेली?" अर्ज चर्चेलाही आला नाही. काही जण म्हणतात, दादा दुखावलेपणातून बोलले. असतीलही. मला आणि बायकोला त्याचं काही वाटलं नाही.

ती स्टीलची कढई आता पत्र्याखालीच असते. सभेच्या दिवशी बायकोला यायला उशीर होतो आणि तिच्यासोबत कुणी ना कुणी जेवायला असतं, कधी ग्रामसेवक, कधी शाळेच्या बाई. दर वेळी कोंबडीच असते असं नाही, कधी नुसती बटाट्याची भाजी असते. पण त्या दिवशीचा स्वयंपाक माझ्याकडं असतो आणि ती हातपाय धुवून येईपर्यंत ताटं मांडलेली असतात. वहिनी मधूनच डोकावून विचारते, "आज काय फाडताय का जोडताय, भावजी?" आणि मी तिला चव बघायला बोलावतो.